ब्रह्मदेशाचे तेल आणि मध्यप्रांताचा कोळसा

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हास इतिहासावर बोलण्यास बोलाविले, यात धाडस असेल तर ते त्यांचेच आहे. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर, सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यांपाशी, आणि वाचनालयाचा शिपाई दिवे मालवू लागेपर्यंत तेथील टेबलाशी झाले. पंडितांच्या इतिहासाची अपेक्षा वाचकांनी आमच्याकडून करू नये. तीस वर्षे खाणींतून व कारखान्यांतून हिंडताना जे प्रश्न पडले त्यांची उत्तरे शोधताना जे हाती लागले, तेवढेच येथे मांडीत आहोत.

गेल्या काही वर्षांत एक वाक्य फार ऐकू येते. २०२२ साली रशियाने युक्रेनवर स्वारी केली. जर्मनी बाहेरून जो नैसर्गिक वायू घेत असे त्यातला निम्म्याहून अधिक तोवर रशियाचा होता. तो त्या वर्षात बंद झाला. लोक म्हणाले, आता जर्मनीचे कारखाने थंड पडणार. पण विल्हेल्म्सहाफेन या बंदरात द्रवरूप वायू उतरविण्याचा धक्का दोनशे दिवसांच्या आत उभा राहिला, हिवाळा निभावला, आणि अर्थशास्त्र्यांनी लिहिले, ‘अर्थव्यवस्थेने जुळवून घेतले.’ वाक्य खोटे नाही. मात्र त्याच वर्षी पाकिस्तान व बांगलादेश या देशांकडे जाणारा वायू अधिक दर देणाऱ्या युरोपकडे वळला आणि ढाक्याच्या वस्त्यांत रोज ठरवून अंधार करावा लागला. आपल्याकडेही त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कोळशाच्या मालगाड्यांना वाट मिळावी म्हणून उतारूंच्या गाड्या रद्द झाल्या. तेव्हा जुळवून घेतले हे खरे. पण कोणी घेतले, हे त्या वाक्यात येत नाही. ‘जुळवून घ्या’ हे शब्द आम्ही व्यवस्थापकांच्या टेबलापलीकडून इतक्या वेळा ऐकले आहेत की ते कानी पडताच आमचा हात आपोआप हजेरीपटाकडे जातो.

असा प्रसंग आपल्या नागपुरावरही येऊन गेला आहे. त्यास ऐंशी वर्षे उलटली. तो पाहिलेली माणसे आता जवळजवळ उरली नाहीत; आम्ही तरुण असताना मात्र ती पुष्कळ होती, आणि त्यांतील काहींशी आमचे बोलणे झाले. तो प्रसंग म्हणजे १९४२ मध्ये ब्रह्मदेश हातचा गेला आणि त्याबरोबर हिंदुस्थानचे तेल गेले तो.

ब्रह्मदेश १ एप्रिल १९३७ पर्यंत हिंदुस्थानच्याच राज्यकारभाराचा भाग होता. इरावतीच्या काठी येनांग्याउंग म्हणून गाव आहे. त्या नावाचा अर्थच मुळी ‘घाण वासाच्या पाण्याचा ओढा’ असा सांगतात. तेथील लोक हाताने विहिरी खणून पिढ्यान्‌पिढ्या तेल काढीत. १८८६ मध्ये स्थापन झालेल्या बर्मा ऑइल कंपनीने तेथे यंत्रे बसविली, नळ टाकून तेल रंगूनजवळच्या सीरियामच्या शुद्धीकरण कारखान्यात आणले, आणि दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास त्या देशातून वर्षास दहा लाख टनांच्या आसपास तेल निघत होते. त्याचे मोठे गिऱ्हाईक आपण. आपल्या स्वतःच्या भूमीत आसामातील दिग्बोई आणि पंजाबातील अटक भाग सोडल्यास सांगण्यासारखे तेल नव्हते. बाकीचे इराणच्या आखाताकडून व इतर ठिकाणांहून येई.

या तेलातून आपल्या घराशी ज्याचा संबंध येई ते म्हणजे दिव्याचे तेल. मुंबईचा माणूस त्यास घासलेट म्हणतो, पुण्याचा रॉकेल म्हणतो, आणि आम्ही नागपूरकर मातीचे तेल म्हणतो. आमचे नाव सर्वांत प्रामाणिक आहे, असे आमचे मत आहे. कारण ते मातीतून येते आणि जाताना माती करून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते डब्यांतून गावोगाव पोचले, तेव्हा जवस, करंज, एरंड, मोहाच्या बिया यांचे तेल काढून दिव्यास पुरविणाऱ्या तेल्याच्या घाण्यावर पहिला घाव पडला. विदर्भातला तेली तेव्हा जुळवून घेऊन खाण्याच्या तेलावर आला, कोणी शेतीवर गेला, कोणी गिरणीत. त्यावर कोणी निबंध लिहिला नाही.

७ व ८ डिसेंबर १९४१ ला जपान युद्धात उतरला. २३ डिसेंबरास रंगूनवर पहिले बॉम्ब पडले. ७ मार्च १९४२ रोजी इंग्रजांनी रंगून सोडले. निघण्यापूर्वी सीरियामचा कारखाना शत्रूच्या हाती पडू नये म्हणून स्वतःच्या हातांनी जाळला. एप्रिलच्या मध्यास येनांग्याउंगच्या विहिरींचीही तीच गत केली. त्या धुराखालून चार-पाच लाख हिंदी माणसे, हमाल, कारकून, सावकार, न्हावी, दाया, डोंगर तुडवीत मणिपूर व आसामकडे पायी निघाली. वाटेत हजारो मेली.

जळालेल्या कारखान्याची एक पुढची हकीकत सांगण्यासारखी आहे. नुकसानभरपाई मिळावी म्हणून कंपनीने इंग्लंडच्या सरकारवर दावा लावला. तो चालत चालत १९६४ मध्ये लॉर्ड्स सभेपर्यंत गेला आणि कंपनी जिंकली. तेव्हा १९६५ मध्ये पार्लमेंटने मागील तारखेपासून लागू होणारा कायदा करून तो निकाल निष्फळ केला. म्हणजे तेवीस वर्षे त्या तेलाचा हिशेब कागदावर जिवंत होता. ज्यांच्या घरचा दिवा त्या तेलाविना विझला त्यांचा हिशेब कोणत्या न्यायालयात मांडावा, हा प्रश्न कोणी विचारलाही नाही. असो.

आता नागपुरात काय झाले ते पाहू. पेट्रोलवर नियंत्रण १९४१ मध्येच आले होते. रंगून पडल्यावर ते इतके आवळले गेले की सर्व्हिस मोटारींना कोळशावर चालण्यावाचून गत्यंतर उरले नाही. लाकडी कोळसा पुरेशी हवा न देता धुमसत ठेवला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. हा वायू जळतो, म्हणून तो गाळून, थंड करून, हवेत मिसळून इंजिनात सोडला की इंजिन चालते. युक्ती नवी नव्हती. युद्धामुळे समुद्रमार्गे येणारे तेल तुटल्यावर स्वीडनसारख्या देशात अशा सत्तर हजारांहून अधिक गाड्या धावू लागल्या होत्या. हिंदुस्थानातही सरकारने त्यास उत्तेजन दिले. गाडीच्या मागे किंवा बाजूला पिंपाएवढी भट्टी बसवायची, हाताने पंखा फिरवून ती पेटवायची, वायू धरला की मग इंजिन चालू करायचे.

त्या गाडीवर क्लीनर म्हणून काम केलेले एक गृहस्थ आम्हास १९९० च्या सुमारास भेटले. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरच्या एका खाजगी सर्व्हिसमध्ये ते चौदा-पंधराव्या वर्षी लागले होते. त्यांचे पहिले वाक्य आमच्या लक्षात राहिले आहे : “गाडी कायची जी, चूलच होती ते. तिले चाकं होती येवढंच.” सकाळी सहाची गाडी निघायची तर क्लीनरने चारला उठून आदल्या दिवसाची राख काढायची, गाळणीतली काजळी झाडायची, कोळसा सुपारीएवढा फोडून भरायचा आणि खांदा भरून येईपर्यंत पंखा फिरवायचा. कोळसा ओला निघाला की गाडी रुसली. पेट्रोलवर मिळे त्यापेक्षा ताकद तिसऱ्या हिश्शाने तरी कमी. म्हणून सिलेवानीच्या घाटात पुरुष उतारूंनी उतरून चालायचे, आणि फारच झाले तर ढकलायचे. दर काही मैलांवर थांबून भट्टी ढोसायची. त्यांच्या ओळखीचा एक मुलगा थंडीच्या दिवसांत रात्री बंद गाडीत, ऊब मिळावी म्हणून निवत्या भट्टीच्या बाजूस निजला, तो सकाळी उठला नाही. या वायूला ना रंग ना वास. त्या मुलाच्या आईस काय मिळाले, असे आम्ही विचारले. युनियनवाल्यांची सवय. ते म्हणाले, “काय मिळन? मालकानं लाकडं देली.” हे लाकूड सरणासाठीचे.

या कोळशाचे मूळ जंगलात होते. सातपुड्याच्या व चांद्याच्या रानांत कोळसा पाडणारे लोक झाड तोडून, ढीग रचून, वर माती लिंपून भट्टी लावीत आणि आठ-आठ दिवस राखण करीत. शहराची मोटार चालू राहिली ती त्यांच्या डोळ्यांतल्या धुरावर. ब्रह्मदेशाच्या तेलाला पर्याय ‘कोळसा’ असे पुस्तकात एका शब्दात लिहिलेले असते. त्या एका शब्दात तोडणारा, पाडणारा, गाडीवान, क्लीनर आणि घाटात उतरून चालणारा उतारू, एवढी माणसे बसलेली आहेत. यंत्राचे काम जितके कमी झाले तितके माणसाचे वाढले. पेट्रोलच्या एका गॅलनात जी मेहनत दडलेली असते ती पुन्हा माणसांना वाटून देण्यात आली, एवढाच याचा अर्थ.

दिव्याचेही तसेच. मातीचे तेल कार्डावर आले आणि तेही थोडे. घरोघर कंदिलाची वात उतरली. चिमणी रात्री जेवणापुरती लागे. अडगळीतल्या पणत्या बाहेर निघाल्या आणि जवसाचे व करंजाचे तेल पुन्हा दिव्यात आले. आमच्याकडे जवस मुबलक, त्यामुळे तेल्याच्या घाण्यास दोन-तीन वर्षे बरे दिवस आले, असे इतवारीतील जुनी माणसे सांगत. पण जवस खाण्याचेही असते. एकच तेल पोटास आणि दिव्यास लागू लागले की गरिबाच्या घरी दोहोंपैकी एक उपाशी राहतो. कोष्टीपुऱ्यात ज्यांचे माग रात्री कंदिलाच्या उजेडात चालत, त्यांचे ते तास बुडाले. सुताचा तुटवडा वेगळाच होता. पण ज्या दिवशी सूत मिळे त्या दिवशीही सूर्य मावळला की माग थांबे, असे एका वृद्ध विणकराने आम्हास सांगितले. गिरणीत विजेचे दिवे होते, म्हणून गिरणीची रात्रपाळी चालू राहिली. एकाच गावात एकाच टंचाईने एकाचा माग थांबविला आणि दुसऱ्यास जास्त पाळ्यांना जुंपले, हे आमच्या वाचण्यात फार उशिरा आले. त्या विणकराला ते पहिल्याच आठवड्यात कळले होते.

ब्रह्मदेशातून दुसरेही एक इंधन येत असे. ते म्हणजे तांदूळ. वर्षास दहा लाख टनांहून अधिक. शेवटी माणसाच्या अंगातील शक्ती त्यावरच चालते. तो थांबला, भाव चढले, साठेबाजी झाली, सरकारने पूर्व बंगालात होड्या काढून घेतल्या, वादळ आले, आणि १९४३ मध्ये बंगालात दुष्काळ पडला. सरकारी चौकशी मंडळाने पंधरा लाख मृत्यू धरले. पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा तीस लाखांपर्यंत नेला. एका आयातीच्या नुकसानीने एवढी माणसे मरत नाहीत. उरलेले अन्न कोणाच्या वाट्यास प्रथम जावे हे ठरविण्याने मरतात. कलकत्त्याच्या युद्धोपयोगी कारखान्यांतील कामगारांना धान्य मिळत राहिले, खेड्यांतील मजूर व कोळी मेले. आम्ही संघटित कामगारांचे कार्यकर्ते असल्याने हे लिहिताना थोडे संकोचतो. पण आहे ते असे आहे.

या काळाने मागे काही चांगलेही ठेवले, ते नाकारणे अन्यायाचे होईल. महागाईबरोबर मजुरी वाढली पाहिजे, हे तत्त्व युद्धाने रुजविले. मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी सार्वत्रिक संप केला; त्याच वर्षी जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरांच्या भत्त्यासाठी न्यायमूर्ती राव यांची चौकशी बसली. आज कार्यालयातला बाबू वर्षातून दोनदा ज्या महागाई भत्त्याची वाट पाहतो, तो त्या संपाचा नातू आहे. वीज हे व्यापाऱ्यांच्या खाजगी परवान्यावर सोडण्याजोगे काम नव्हे, हेही तेव्हाच पटले. १९४४ मध्ये मध्यवर्ती तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, त्या विचारातूनच १९४८ चा वीज पुरवठा कायदा आला, आणि राज्य वीज मंडळे निर्माण झाली. आपल्या खापरखेड्याचे जुने वीज केंद्र मध्यप्रांत सरकारचे. ते पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी वीज देऊ लागले. कोराडी त्यानंतरचे, १९७४ चे. तेलाच्या बाबतीत तर देशाचे तोंडच पूर्वेकडून पश्चिमेकडे वळले. तुर्भ्यास १९५४ व १९५५ मध्ये दोन शुद्धीकरण कारखाने उभे राहिले, त्यांतील दुसऱ्यात बर्मा-शेलचे नाव होते. १९७६ मध्ये तो सरकारजमा झाला. कच्चे तेल मात्र आखाताचेच राहिले, आणि १९७३ साली पश्चिम आशियात युद्ध पेटल्यावर त्याचाही अनुभव घेऊन झाला.

पण ही सर्व नंतरची गोष्ट. १९४३ मध्ये तेल नाही म्हटल्यावर सगळा भार दगडी कोळशावर आला, आणि आमच्या कहाणीचा गाभा तेथे आहे. मध्यप्रांताची राजधानी नागपूर. आणि त्याच्या उत्तरेस छिंदवाडा जिल्ह्यात पेंच व कन्हानची खोरी, दक्षिणेस चांद्याकडे बल्लारपूर व घुग्गुस, अशा त्याच्या खाणी. एम्प्रेस मिल असो, मॉडेल मिल असो, रेल्वेचे इंजिन असो, सर्वांची चूल यांच्यावर. पूर्वी मुंबईकडे कलकत्त्याहून जहाजाने पुष्कळ कोळसा जाई. जहाजे युद्धात गेली, तोही बोजा रेल्वेवर पडला. आणि रेल्वे स्वतःच कोळसा खाते. मागणी अशी वाढत असताना देशातील कोळशाचे उत्पादन १९४२ मधील सुमारे २ कोटी ९० लाख टनांवरून १९४३ मध्ये सुमारे २ कोटी ५५ लाख टनांवर घसरले.

खाणीत कोळसा संपला होता असे नाही. संपली होती माणसे. ब्रह्मदेश गेल्यामुळे लढाईची आघाडी आसाम-बंगालात आली. तेथे विमानतळ, रस्ते, छावण्या बांधण्यास मजूर हवे होते, आणि लष्करी ठेकेदार उघड्या हवेत खाणीपेक्षा जास्त मजुरी देत. बंगाल-बिहारच्या खाणींतला माणूस साहजिकच तिकडे गेला. मालकांनी दर वाढविले असते तर काही तरी थांबले असते. त्याऐवजी गोरखपूरकडून मजूर आणून छावण्यांत पहाऱ्यात ठेवण्यात आले. आणि मग सरकारची नजर बायकांकडे गेली.

येथे थोडे मागे जावे लागेल. पूर्वी खाणीत नवरा कोळसा फोडी आणि बायको टोपलीने उचलून टबात भरी; जोडप्याची मजुरी एकत्र. १९२९ च्या नियमांनी बायकांना भूमिगत कामातून काढण्यास प्रारंभ झाला. बंगाल, बिहार, ओरिसा व मध्यप्रांत यांच्या कोळसा खाणींना टप्प्याटप्प्याने काढण्याची सवलत होती. ती १९३७ मध्ये संपली आणि बंदी पूर्ण झाली. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानने तसा आंतरराष्ट्रीय करारही मान्य केला. ही बंदी मध्यप्रांतासह या प्रांतांतून १९४३ मध्ये उठविण्यात आली.

तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. जुलै १९४२ मध्ये त्यांची नेमणूक झाली त्याच दिवसांत नागपुरात अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली होती, आणि २० जुलै रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची स्वतंत्र परिषद झाली. हजारो स्त्रिया तेथे आल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांना मुलींच्या शिक्षणाविषयी, लग्नाची घाई न करण्याविषयी, नवऱ्याची दासी न होता मैत्रीण होण्याविषयी सांगितले. त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांच्याच खात्याच्या हुकमाने बायकांना खाणीत उतरविणे शक्य झाले. नागपुरात राहून या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवताना आमचा हात बराच काळ थबकत असे.

८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती विधिमंडळात रेणुका रे यांनी यावर सरकारला धारेवर धरले. बाबासाहेबांचे उत्तर आम्ही पुन्हा पुन्हा वाचले आहे. कोळशाची निकड खरी आहे, उपाय तात्पुरता आहे, असे त्यांनी सांगितले. आणि एक गोष्ट ठामपणे मांडली, की खाणीत उतरणाऱ्या बाईस पुरुषाइतकीच मजुरी द्यावी लागेल. समान कामास समान मजुरी हे तत्त्व या देशातील एखाद्या धंद्यात प्रथमच अशा रीतीने आले, असा त्यांचा दावा होता. त्याआधी डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद भागातील खाणी पाहण्यास गेले होते आणि स्वतः खाली उतरले होते. ३१ जानेवारी १९४४ च्या वटहुकमाने कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला, त्यातून पुढे दवाखाने व वसाहती झाल्या. आमचे मत विचाराल तर हुकूम वाईट होता आणि ज्याच्या हातून तो निघाला त्याने त्यात शक्य तितके न्यायाचे कलम घातले. दुसरा कोणी असता तर नुसता हुकूम राहिला असता. बायकांना वर काढण्यासाठी देशात आणि इंग्लंडातही आवाज उठत राहिला. युद्ध संपले, आणि १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली.

हे सर्व वाचून आम्ही मनाशी एक चित्र ठरविले होते. ते एका म्हातारीने पुसले, ते सांगून थांबतो.

१९९३ च्या सुमारास परासियाकडच्या एका खाणीतील कामगाराच्या मृत्यूनंतर त्याच्या बायकोस नोकरी मिळावी म्हणून आम्ही तेथे खेटे घालीत होतो. तिच्या घरी तिची आई होती. सौंसरकडची, सत्तरीच्या उंबरठ्यावरची, बोलण्यास खणखणीत. १९४३ ते १९४६ ती खाणीत उतरली होती हे कळल्यावर आम्ही चटई ओढून बसलो. सुरुवातीस आम्ही, सवयीने, थोडे भाषणच केले, की आजी, तुमच्या पिढीवर केवढा अन्याय झाला, तुम्हाला त्या अंधारात उतरवले.

ती हसली. म्हणाली, “खाली उतरवलं म्हनून तुमाले वाईट वाटते काय, भाऊ? आमाले वर काढलं त्याचं वाईट वाटलं.”

मग तिने सांगितले. खाली उकाडा होता, पाणी गुडघ्यापर्यंत असे, टोपलीने मान दुखे. तान्हे पोर मोठ्या पोरीपाशी ठेवून जावे लागे आणि दूध भरून आले की चोळी भिजे. एकदा छत आले आणि तिच्या शेजारची बाई गेली. हे सारे ती बाजारातल्या भावासारखे सांगत होती. पण आठवड्याच्या पगारास मुकादम तिच्या हातात नवऱ्याइतकेच पैसे ठेवी. “बरोबरीचे. एक आना कमी नाही. त्या दिवशी सासू मले चा करून दे.” १९४६ मध्ये कोणीतरी येऊन सांगितले, उद्यापासून बायका वर. वर कोळसा निवडण्याचे काम होते, त्याला बाईची मजुरी. दोन्ही वेळा कोणी विचारले नाही, उतरताना नाही आणि चढताना नाही.

आम्ही म्हटले, पण आजी, खाली जीव जात होता. ती म्हणाली, “जीव तं वरही जाते, हळू हळू जाते.” आणि मग आमच्याकडे पाहून, “तुमी चांगले लोक, बाईले वर काढता. पन मजुरी खालीच ठेवून येता.”

आमच्यापाशी याचे उत्तर नव्हते. ते त्या वेळी नव्हते आणि नंतर २०१९ मध्ये सरकारने बायकांना त्यांच्या लेखी संमतीने, दिवसाच्या पाळीत, भूमिगत काम करण्याची पुन्हा मोकळीक दिली तेव्हा कामगारांच्या सभेत बोलण्यास उभे राहिलो, तेव्हाही पुरते नव्हते. त्या सभेत आम्ही फक्त ही हकीकत सांगितली आणि संमतीपत्रावर मजुरीचा आकडा लिहिलेला असावा, अशी दुरुस्ती सुचविली.

परासियाहून परतण्यापूर्वी आम्ही तिला विचारले, त्या तीन वर्षांचा काही कागद आहे का, भविष्य निर्वाह निधीसाठी बघू. तिने पेटी उघडून दाखविली. खाणीचा कागद नव्हता. त्या काळचे तेलाचे कार्ड होते, चौकोनांत मातीच्या तेलाच्या बाटल्यांच्या खुणा केलेले, कडा खाल्लेले. कचेरीत चौकशी केली तेव्हा कळले की खाण कामगारांचा निर्वाह निधी १९४८ च्या कायद्याने आला, त्याआधीच्या कामाचा हिशेब त्यात धरीत नाहीत. तसे जाऊन सांगितले. ती म्हणाली, माझे कशाला पाहता, पोरीच्या नोकरीचे काय झाले ते सांगा. त्या नोकरीस आणखी चौदा महिने लागले.